मॅडमला ‘वं’ म्हटलं म्हणून

माझा धंदा जुन्या पोत्यांचा. नागपूरबाहेर अमरावती रोडवर वाडीला ट्रकवाल्यांची गोदामं आहेत. तिथून रिकामा बारदाना उचलायचा, फाटका आणि धड वेगळा करायचा, फाटका दाभण-सुतळीनं शिवायचा आणि धान्यवाल्यांना विकायचा. नवरा लवकर गेला. त्यानंतर मी आधी दुसऱ्याच्या दारात बसून पोती शिवली, मग हळूहळू स्वतः माल उचलायला लागले. कुणी हात धरून शिकवलं नाही. जे शिकले ते फसून शिकले, आणि त्यातली पहिली गोष्ट ही की माणूस अचानक मानानं बोलायला लागला तर गठ्ठ्याच्या तळाशी हात घालून बघावं. गोदामाचा मुनीम रोज मला “ओ बाई, सरका तिकडं” म्हणतो. ज्या दिवशी तो “या मॅडम, बसा, चहा सांगतो” म्हणाला, त्या दिवशी गठ्ठ्यातली वरची पोती कोरडी होती आणि खालची ओली.

म्हणून माझी नववीतली मुलगी एका संध्याकाळी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आई, आपण जेवलात का?” तेव्हा मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, काही फोडून-हरवून आली का म्हणून. मग तोंडाकडे पाहिलं.

“काय पाहिजे?” मी विचारलं.

“काही नाही.”

“मंग हे ‘आपण’ कोन? घरात तं आपण दोघीच आहो.”

“शाळेनं सांगतलं. मोठ्या मानसाले ‘आपण’ म्हनायचं. घरी बी. अन् म्हनलं का नाही ते उद्या वर्गात विचारनार हायेत.”

माझ्याकडे पोती शिवायला येणारी मावशी सुतळी दातात धरून हसायला लागली. “वं माय, पोरीनं तं तुले घरातली पाहुनी करून टाकलं! आता तू बी तिले म्हन, ‘आपण पोळ्या लाटता का?’”

मुलगी लाजून आत पळाली. मावशी घरी जाईपर्यंत प्रत्येक पोत्याला ‘आपण’ म्हणत होती. मला मात्र हसू आलं नाही. शाळेला हे आत्ताच कुठून सुचलं, हा प्रश्न मी त्या दिवसापासून डोक्यात धरून ठेवला.

शाळा शहरातल्या महाल भागातली, जुनी आणि नाव असलेली. वाडीहून दोन ऑटो बदलून मुलगी तिथं जाते, कारण मीच ठरवलं होतं की ती तिथंच शिकेल. पाचवीच्या प्रवेशाला गेले तेव्हा माझ्या पुढे एक नवरा-बायको होते, इस्त्रीच्या कपड्यांतले. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्या दोघांना म्हणाल्या, “आपण बसा ना.” माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीला चिकटलेले तागाचे धागे पाहिले आणि म्हणाल्या, “तू तिकडे थांब जरा.” मी थांबले. प्रवेश हवा होता म्हणून थांबले. पण तो ‘तू’ मी घरी घेऊन आले आणि अजून जपून ठेवलाय. आमच्या बोलीत आईलाही तूच म्हणतात, देवालाही तूच म्हणतात. त्या तू-चं मला काही नाही. एकाच खोलीत, एकाच मिनिटात, एकाच तोंडातून दोन माणसांना दोन शब्द निघाले, ते मला लागलं.

आणि आता त्याच मॅडम आदर शिकवायला निघाल्या होत्या.

पालकसभेला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले. मागून सगळ्यांच्या माना दिसतात. मोठ्या मॅडम बोलल्या चांगलं, म्हणजे छापल्यासारखं. आदर हा संस्कार आहे, तो जिभेवर आधी येतो आणि मनात नंतर उतरतो, शाळेनं तो आता विषयासारखा घ्यायचं ठरवलंय, आठवड्यातून एक तास, त्याचे शेरे प्रगतिपुस्तकावर. “काही मुलं घरून जी भाषा घेऊन येतात,” त्या म्हणाल्या, “तिच्यावर आपल्याला काम करावं लागेल. गा, वं, काहून, पोट्टे. हे शब्द शाळेच्या दारात चपलेसारखे काढून ठेवायचे.”

माझ्या पुढच्या बाकावर जरीपटक्यात पडद्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी हात वर केला. “मॅडम, माहा पोट्टा तं घरी दिवसभर आपण-आपण करून राहिला, अन् मागून मोबाईल मागून राहिला. हा आदर वापस करता येते का?”

सगळी सभा हसली. मोठ्या मॅडमही हसल्या, पण फक्त ओठांनी. मी त्यांच्या शब्दांमधला एकच उचलला: ‘शेरे’. नववीत शेरे कशाला लागतात? दहावीच्या आधी. आमच्या गावात शाळांची जाहिरात चौकाचौकात लागते, दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून, मुलांच्या फोटोंसकट. तो पूर्ण निकाल कसा लागतो हे पालकांना माहीत असतं. जी मुलं कच्ची वाटतात त्यांना नववीतच गोड बोलून दुसरीकडे धाडतात. आणि माझी मुलगी गणितात कच्ची होती. मराठीत, इतिहासात चांगली, पण गणिताचा पेपर आला की ती आदल्या दिवसापासून गप्प.

त्या सभेहून परतताना मी मनाशी म्हटलं, हा आदराचा गठ्ठा वरून कोरडा दिसतोय.

हिवाळा सरत आला होता. एक दिवस दुपारी शाळेतून फोन आला. कारकून नेहमी “पालक बोलताय का?” असं गुरकावतो. त्या दिवशी म्हणाला, “आपण उद्या शाळेत येऊ शकाल का? आपल्या पाल्याबद्दल थोडं बोलायचं होतं.” दोनदा आपण. मला मुनीमाचा चहा आठवला.

मुलगी घरी आली तेव्हा मी दारातच धरली. “काय केलं?”

“काही नाही केलं.”

“काही न करता शाळा बोलावते का? कोनाले मारलं? कॉपी केली?”

“नाही वं आई. मॅडमले ‘वं’ म्हनलं.”

“कोनत्या मॅडमले?”

“वर्गाच्या. गणिताच्या.” ती बुटाची लेस सोडवत होती, ती सुटली तरी सोडवतच होती. “दुसऱ्या शाळेतले सर लोक आमचा आदराचा तास पाहाले आले होते. त्यायच्या पुढं माह्या तोंडून निघालं, ‘असं काहून म्हनता वं मॅडम?’ तं सगळा वर्ग हसला. मॅडम लाल झाल्या. मंग मोठ्या मॅडमनं बोलावलं अन् म्हनल्या, सोमवारी प्रार्थनेत सगळ्याय समोर माफी माग.”

“अन् नाही मागितली तं?”

तिनं बूट काढून कोपऱ्यात लावले. “तं काय?” मी ओरडले. माझा आवाज पत्र्याला लागला. शेडमध्ये मावशीचा दाभण थांबला.

“तं दहावीले दुसरी शाळा पाहा म्हनल्या.”

म्हणजे मी ओळखलं होतं ते खरं निघालं. पण मला मुलीचाही संशय आला, हे सांगितलं पाहिजे. ‘वं’ एवढ्यावरून शाळा दाखला काढायची भाषा करत नाही, असं मला वाटलं. आमच्याकडे बाईला ‘वं’ म्हणतात, पुरुषाला ‘गा’. मावशीला वं, आत्याला वं, भाजीवालीला वं. त्यात मान नाही, पण अपमानही नाही. आपलं माणूस आहे एवढंच आहे. ‘काहून’ म्हणजे नुसतं ‘का’, आणि शिवाय ती मानाचं ‘म्हनता’ म्हणाली होती, ‘म्हनते’ नाही. मग ती काहीतरी गाळतेय. गिऱ्हाईक माल परत आणताना अर्धीच गोष्ट सांगतं तसं तिचं तोंड दिसत होतं.

“अजून काय बोलली?”

“एवढंच.”

“खरं?”

“तुले नाही पटत तं मॅडमले विचार,” ती म्हणाली आणि आत गेली. मी तिला पुढं विचारलं नाही. रागात होते, आणि सकाळी करायच्या सौद्याची जुळणी डोक्यात सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमच्या खोलीत मी स्वच्छ साडी नेसून गेले. या वेळी त्यांनी बसा म्हटलं. वर्गशिक्षिका भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. वयानं लहान, सातारकडची, लग्न होऊन नागपुरात आलेली. ती नखातला खडू दुसऱ्या नखानं काढत होती.

“नेमकं काय झालं?” मी तिला विचारलं.

उत्तर मोठ्या मॅडमनी दिलं. “पाहुण्यांच्या देखत मुलीनं बाईंना उलट प्रश्न केला, आणि तोही अत्यंत उद्धट शब्दात. प्रश्न एका मुलीचा नाही. आम्ही वर्षभर जे शिकवतोय त्याचा आहे.”

“मी मॅडमले विचारलं.”

वर्गशिक्षिकेनं मान वर केली. “आमच्याकडे असं मैत्रिणीला म्हणतात, किंवा भांडणात. आणि मुलं हसली हो. सगळा वर्ग हसला.” एवढं बोलून ती परत नखाकडे बघायला लागली. मला ते खटकलं. जो माणूस खरा दुखावलेला असतो तो जास्त बोलतो. पण मी तो धागा ओढला नाही, कारण मोठ्या मॅडमनी भाव सांगितला होता. सोमवारी, प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर, ‘मी उद्धटपणे बोलले, मला क्षमा करा.’

मी गप्प बसले. भाव सांगणाऱ्याला समोरच्याचं गप्प बसणं सोसत नाही, तो आपणच पुढं बोलतो. मोठ्या मॅडम बोलल्या. “हे तिच्या भल्यासाठी आहे.”

“सगळी शाळा कायले?” मी म्हटलं. “बोलली ते एका वर्गात.”

“मग वर्गात.”

“वर्गातले पोट्टे एकदा हसले, आता दुसऱ्यांदा हसवता का? शिस्त लावून राहिले का तमाशा?”

“भाषा सांभाळून बोला.”

मी उठले. पर्स उचलली. दारापर्यंत गेले. ही माझी जुनी रीत आहे, आणि दहापैकी नऊ माणसं दारात असताना हाक मारतात. मोठ्या मॅडमनी हाक मारली नाही, पण वर्गशिक्षिका म्हणाली, “स्टाफरूममध्ये चालेल मला. कुणी नको.” मी परत येऊन बसले. मग ‘उद्धटपणे’ हा शब्द काढायला लावला. मग ‘क्षमा’ काढला. शेवटी ठरलं ते असं: सोमवारी मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, फक्त आम्ही चौघी, आणि मुलीनं म्हणायचं, ‘माझं चुकलं.’ बस.

बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं मी चांगला सौदा केला. ऑटोत बसून मी स्वतःशीच हसले. पूर्ण प्रार्थनेवरून दोन शब्दांवर आणलं होतं.

घरी मुलगी तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, कसं उठले, कसं परत आले, सगळं. तिनं ऐकून घेतलं. ताट बाजूला ठेवलं.

“म्हंजे माहं चुकलं, हे तू पक्कं करून आली.”

“प्रार्थनेतून स्टाफरूममधे आनलं बाई मी! तुले कळते का?”

“कळते. तू भाव कमी केला. पन भाव कमी कराले बसलं म्हंजे माल आपला हाये हे कबूल झालं ना? चूक माहीच हाये म्हनून तू कमी करून मागितली.”

धंद्यातला हा नियम मी तिला कधी सांगितला नव्हता. शेडमध्ये बसून अभ्यास करता करता तिनं तो माझ्याच तोंडून ऐकला असेल, दुसऱ्या कुणाला सुनावताना.

“मंग तू मले सगळं काहून नाही सांगतलं?” मी चिडून म्हटलं. “मी आंधळ्यावानी जाऊन बसली तिथं.”

“तू विचारलं का? तू विचारलं, अजून काय बोलली. मी अजून काहीच नाही बोलली. मॅडम आधी काय म्हनल्या, ते विचारलं का?”

आणि मग तिनं सांगितलं. पाहुणे सर मागे बसले होते. वर्गशिक्षिकेनं तिला उभं केलं, हसून, कौतुकानं, आणि त्यांना म्हणाली, ‘ही आमची गणितात अगदी कच्ची, पण बघा, बोलायला किती नम्र झालीय!’ तेव्हा हिच्या तोंडून निघालं, ‘असं काहून म्हनता वं मॅडम?’ आणि वर्ग हसला.

“मॅडमले वाटलं त्यायच्यावर हसले,” ती म्हणाली. “पन माह्यावर हसले. आता मले नम्र म्हनतात. पोट्टे जिन्यात हाक मारतात, ‘ए कच्ची नम्र.’”

म्हणून ती गाळत होती. गणिताची गोष्ट माझ्यासमोर काढायला नको म्हणून. शाळा उघडी असती तर मी त्या क्षणी तिथं जाऊन काय केलं असतं सांगता येत नाही. पण शनिवारची संध्याकाळ होती, शाळेला कुलूप होतं. मी पदर खोचला, परत सोडला. “सोमवारी जाऊन त्यायच्या टेबलावरच्या काचेचं काय करते पाहाच,” असं म्हटलं.

“तू भांडू नको,” मुलगी म्हणाली. “अन् भाव बी नको करू. तू नुसती बस. मी बोलते.”

“अन् दाखला हातात देला तं? दहावीच्या तोंडावर कोनती शाळा घेईन तुले?”

“मले बी तेच भेव वाटून राहिलं,” ती म्हणाली. “तरी तू बस.”

रविवारभर मी पोती निवडली. मावशी म्हणाली, “एवढ्या रागानं झटकू नको, फाटलेलं अजून फाटन.” मी तिला चूप राहायला सांगितलं. ती “आपण म्हणाल तसं,” म्हणाली आणि चूप राहिली.

सोमवारी स्टाफरूममध्ये आम्ही चौघी बसलो. टेबलावर वह्यांचे ढीग होते, खिडकीतून मैदानातला गोंधळ ऐकू येत होता. मोठ्या मॅडमनी मुलीकडे पाहिलं. “हं. बोल.”

मुलगी उभी राहिली. मांडीवर माझे दोन्ही हात मी एकमेकांत अडकवून ठेवले होते.

“मॅडम, मी ‘वं’ म्हटलं,” ती शाळेची भाषा बोलायचा प्रयत्न करत होती. “ते आमच्या घरी सगळ्यांना म्हणतात. शाळेत नको असेल तर नाही म्हणणार. पण माझं चुकलं असं नाही म्हणणार. तुम्ही मला सगळ्यांसमोर कच्ची म्हटलं. मी फक्त विचारलं, असं काहून म्हनता.”

“हे ठरलं नव्हतं,” मोठ्या मॅडम मला म्हणाल्या.

तोंड उघडायचा मला फार मोह झाला. मी उघडलं नाही.

वर्गशिक्षिकेनं विचारलं, “मुलं तुला हसली?”

“मलेच हसले. अजून बी हसतात. मले नम्र म्हनतात.”

“मला वाटलं मला हसली,” ती म्हणाली. “मी कौतुकच करत होते ग. मला वाटलं, पाहुण्यांना सांगावं की हिच्यात एवढी सुधारणा झाली.”

“मग गणिताचं काहून सांगतलं?” मुलीनं विचारलं.

वर्गशिक्षिकेनं आधी मोठ्या मॅडमकडे पाहिलं. उत्तर त्यांच्यासमोर देता येत नसेल, किंवा नसेलच. मी तिच्या तोंडाकडे बारकाईनं बघत होते आणि मला नक्की ठरवता आलं नाही. शेवटी ती म्हणाली, “मी वर्गात बोलेन.”

“त्याची काही गरज नाही,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

“बोलते मी,” ती म्हणाली.

मोठ्या मॅडमनी खुर्ची मागं सरकवली. “ठीक आहे. या वेळी हा विषय इथं संपवू. दहावीचं आपण निकालानंतर बघू. गणिताचा प्रश्न आहेच.”

तिथं माझं नुसतं बसणं संपलं. मुलीनंही माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात मला परवानगी दिसली, निदान मी तशी घेतली.

“मॅडम,” मी म्हटलं, “एक सांगा. पोरगी उद्धट म्हनून जानार होती का गणितात कच्ची म्हनून?”

“दोन्ही वेगळे विषय आहेत.”

“मलेही तेच म्हनायचं हाये. वेगळे आहेत तं एका पोत्यात भरू नका. गणितासाठी काढाची असन तं तसं तोंडावर म्हना, मी त्याचं पाहीन. पन मानाचं नाव घेऊन काढू नका. पोरगी जिथं जाईन तिथं शेरा तिच्या आधी जाऊन बसन.”

“असं कुणी म्हटलेलं नाही.”

“मंग आता म्हना. नववी पास झाली तं दहावीले इथंच बसन. हो का नाही?”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या खोलीतून कारकून डोकावून गेला. मोठ्या मॅडमनी वर्गशिक्षिकेकडे पाहिलं. ती म्हणाली, “पास होईल ती. मी बघते.”

“हो,” मोठ्या मॅडम म्हणाल्या.

मला तो प्रवेशाच्या दिवसाचा ‘तू’ आठवत होता. जिभेच्या टोकावर होता. पण एका सौद्यात दुसरा मिसळला की दोन्ही जातात, म्हणून मी तो तिथं काढला नाही. मी “ठीक हाये” म्हणून उठले.

दोन दिवसांनी मुलगी घरी आली आणि म्हणाली, “मॅडम बोलल्या आज.”

“काय?”

“म्हनल्या, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी एक वाक्य बोलले, ते मी बोलायला नको होतं. अन् जो वर्गात कोनाले नावानं चिडवन त्याले मी उभं करीन.”

“कोनतं वाक्य, ते सांगतलं?”

“नाही.”

“तुह्यं नाव घेतलं?”

“नाही.”

“मंग कायचं बोलल्या? हवेत बोलल्या.”

“सगळ्याले मालूम होतं कोनतं,” ती म्हणाली. “तुले नाही पटनार. मले पटलं.” आणि ती डबा धुवायला गेली.

मला खरंच पटलं नाही. ज्या वाक्यानं दुखवलं ते वाक्य न घेता परत कसं घेता येतं? पण जिला लागलं होतं तिला चाललं, तर मी कोण? वर्गशिक्षिका नंतर मधल्या सुट्टीत तिला आणि आणखी काही मुलांना गणित शिकवायला बसवू लागली. चांगलं वाटलं. आणि लगेच वाटलं, हे मुलीसाठी की शाळेच्या निकालासाठी? मुलीला विचारलं तर म्हणाली, “दोन्हीसाठी असन. त्यानं माहं काय बिघडते?” ती पास झाली. काठावर, पण झाली. त्याच वर्गातल्या दोन-तीन मुलांचे पालक मात्र निकालानंतर दाखला घेऊन गेले. कारण काय, विचारलं तर एक आई म्हणाली, “वागणूक बरोबर नाही म्हणे.” तिचा मुलगा कसा वागायचा ते मला माहीत नाही. त्याचं गणित कसं होतं, तेही मी विचारलं नाही. पण मला अंदाज आहे.

जूनच्या शेवटी शाळा उघडली त्या दिवशी मी मुलीसोबत ऑटोनं महालापर्यंत गेले. ती म्हणाली, “तू कायले येतं? मी काय पाचवीत हाये?” मी म्हटलं, “तिकडं माहं काम हाये.” काम काही नव्हतं.

फाटकात कारकून उभा होता. मला ओळखून म्हणाला, “आपण आत नाही येऊ शकत, मॅडम. आज फक्त विद्यार्थी.”

“मी कुठं आत येऊन राहिली?” मी म्हटलं आणि रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिले. तिथून दहावीच्या वर्गांचा वरचा गच्चीवजा वरांडा दिसतो. मुली जिन्यानं वर गेल्या. माझी दिसली, कुणाशी तरी हसत बोलत होती. ती दुसऱ्या दारातून आत गेली. थोड्या वेळानं वर्गशिक्षिका त्याच दारात आली, आणि मागोमाग मोठ्या मॅडम हातात काहीतरी घेऊन वरांड्यातून चालत आल्या. त्याच दारापाशी थांबल्या. तो दाखला तर नाही, म्हणून मी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरले. एका स्कूटरवाल्यानं मला शिवी दिली. मोठ्या मॅडम आत डोकावल्या, काही बोलल्या आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या.

घंटा झाली. झेरॉक्सवाला म्हणाला, “बाई, कोनाची वाट पाहून राहिल्या का?”

“नाही,” मी म्हटलं, आणि अजून थोडा वेळ उभी राहिले. तेवढ्या वेळात त्या दारातून कोणी बाहेर आलं नाही.